गव्हाणीतला पाला

घोडीच्या शेपटीचा झुपका हातात आला तेव्हा काकूंनी आधी घोडीकडे पाहिलं नाही. आधी दाराकडे पाहिलं, कुणी बघतंय का ते.

स्वभावच तसा होता. दूध नासलं तर काकू आधी घरातल्या माणसांच्या तोंडाकडे बघायच्या आणि मग पातेल्याकडे. लहानथोर सगळे त्यांना काकूच म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते त्यांना ठाऊक होतं, आणि कोण म्हणतं तेही ठाऊक होतं.

घोडी काही म्हातारी झाली नव्हती. गवताची गाडी ओढायची, दुधाच्या किटल्या न्यायची. सकाळी धारा काढून झाल्या की काकू तिच्या शेपटीतली कुसळं बोटांनी काढत. त्या दिवशी बोटं फिरवली आणि मूठभर केस सरळ सुटून आले. घोडीने पायसुद्धा आपटला नाही. काकूंनी केस कागदात गुंडाळले आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"घोडीच्या शेपटीला कुणीतरी हात लावतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

काका चहा पीत होते. "माशा असतील."

"माशा केस नेतात?"

"शेपटी झाडून झाडून गळत असतील गं," असं म्हणून काका उठले आणि टोपली घेऊन मागच्या दाराने निघून गेले.

काकूंच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच, पण काकांबद्दल नाही. काकांबद्दल शंका घ्यायचं त्यांनी लग्नानंतर पाच-सहा वर्षांतच सोडून दिलं होतं. त्यात काही हाती लागत नाही म्हणून.

घरामागची जमीन उताराची. काकांनी तरुणपणी तिथे सुबाभळीच्या रांगा लावल्या, उताराला आडव्या, आणि दोन रांगांमधल्या पट्ट्यांत हत्तीगवत. झाडांनी माती धरून ठेवली आणि गवताने घर. गवत कंबरेच्या जरा वर गेलं की कोवळं असतानाच कापायचं, कडबाकुट्टीच्या यंत्रात बारीक करायचं, त्यात चवीपुरता सुबाभळीचा पाला मिसळायचा, आणि गव्हाणीत टाकायचं. तीन गायी, शेळ्या आणि घोडी, सगळ्यांचं पोट त्यावर. कापणी काकांची आणि कुट्टीही काकांचीच. त्यांचा विळा दुसऱ्या कुणी उचलायचा नाही हा घरातला अलिखित कायदा होता. काकू दूध बघत, गिऱ्हाइकं बघत, आणि उरलेल्या वेळात माणसं बघत.

गेल्या वर्षीपासून बघायला एक माणूस वाढला होता. लेक आणि जावई इथे राहायला आले होते. जावई शिलाई मशीनच्या कारखान्यात फिटर होता. तो कारखाना बंद पडला, आणि "थोडे दिवस" म्हणून दोघं आले ते राहिले. जावई कमी बोलायचा. कमी बोलणाऱ्या माणसांबद्दल काकूंचं मत ठरलेलं होतं: बोलत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. त्यात त्याने आल्या आल्या एक कल्पना काढली. शहराच्या कडेला कांडीकोळशाचा कारखाना होता. तिथे जून गवत घेत, वाळवून त्याचा भुगा करत आणि दाबून कांड्या पाडत. त्या कांड्या बॉयलरमध्ये जळायच्या. जावई म्हणाला होता, खालचे दोन पट्टे डोक्याच्या वर जाऊ द्यायचे, ते कारखान्याला, बाकीचे जनावरांना. काकांनी होकार दिला होता आणि त्या मोसमात गाडी कारखान्याला जाऊही लागली होती. काकू म्हणाल्या होत्या, "जनावराच्या तोंडातला घास काढून भट्टीत घालायचा. चांगलं आहे."

झुपका हातात आला त्याच आठवड्यात त्यांनी जावयाला चौकातल्या कुंचलेवाल्याच्या दुकानापुढे उभं पाहिलं होतं. कुंचलेवाला घोड्याचे केस विकत घेतो हे सगळ्या चौकाला माहीत होतं. दोन आणि दोन चार व्हायला काकूंना वेळ लागला नाही.

त्यांनी घोडीच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. कुलूप जसंच्या तसं राहिलं आणि केस गळतच राहिले. पाठोपाठ आयाळही विरळ झाली. मग एका शेळीच्या पाठीवर टक्कल पडलं, तळहाताएवढं, गुलाबी.

शेळीचे केस कुठला कुंचलेवाला घेतो? काकू कागदाची पुडी घेऊन स्वतःच दुकानात गेल्या.

दुकान म्हणजे बोळासारखी लांबट खोली. छताला केसांच्या जुड्या टांगलेल्या, काळ्या, भुऱ्या, पांढऱ्या, आणि खाली सरसाचा वास. कुंचलेवाल्याने पुडी उघडली, एक केस उजेडात धरला, दोन बोटांत फिरवला.

"हे कुणी कापलेले नाहीत, काकू. टोकाला बघा, मूळ आहे. आपोआप आलेत. असले मी फुकटसुद्धा घेत नाही, ठिसूळ असतात."

"आमचे जावई तुमच्याकडे काय घ्यायला आले होते?"

"कडबाकुट्टीचं पातं साफ करायला ताठ ब्रश. केला नाही अजून. का?"

"सहज," काकू म्हणाल्या.

चोर नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणाचं मन मोकळं झालं असतं. काकूंचं उलट झालं. चोरी ही साधी गोष्ट. माणूस नेतो आणि जातो. ही गोष्ट घरात राहूनच चालली होती. आता त्या जावयाच्या हाताकडे बघू लागल्या, खिशाकडे बघू लागल्या, तो गोठ्यात किती वेळ असतो ते बघू लागल्या. तो घोडीच्या मानेवरून हात फिरवायचा. आधी कधी फिरवत नव्हता. जेवताना काकू त्याला "घ्या ना जावईबापू, अजून घ्या," म्हणू लागल्या. एरवी त्या त्याला नुसतं "अहो" म्हणत. लेकीने मान वर करून आईकडे पाहिलं. ती या घरात वाढली होती. "बापू" कधी लागतं ते तिला कळत होतं.

"आई, काय चाललंय तुझं?"

"कुठं काय? वाढतेय."

शेवटी डॉक्टरीणबाईंना बोलवावंच लागलं. जनावरांच्या डॉक्टर, उंच, घाईतल्या, गाडीच्या मागच्या सीटवर गमबूट टाकून फिरणाऱ्या. त्यांनी घोडीची शेपटी पाहिली, खूर दाबून पाहिले, शेळीच्या गळ्याखाली बोटं लावून एक गाठ चाचपली. मग गव्हाणीत हात घातला, मूठभर चारा उचलला आणि तळहातावर पसरला.

"हे रोज असंच असतं?"

"नेहमीचंच," काका दारातून म्हणाले. "गवत आणि थोडा पाला."

"थोडा?" डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. तळहातावर बारीक हिरवी पानं होती, चिंचेच्या पाल्यासारखी. गवताचे तुकडे शोधावे लागत होते. "हा सगळा सुबाभळीचा पाला आहे. थोडा असतो तोपर्यंत ताकद देतो, जास्त झाला की केस गळतात, गळ्याला गाठ येते. घोड्याला तर अगदीच सोसत नाही. तिला पूर्ण बंद करा. गायी-शेळ्यांना दोन वाटे गवत आणि एक वाटा पाला, त्याच्या वर नाही. केस परत येतील." त्यांनी हात झटकला. "पण मला सांगा, एवढं गवत लावलंय तुम्ही, मग पाल्यावर का आलात?"

गायीने गव्हाणीत तोंड घातलं.

"आता कारखान्यालाही जातं ना गवत," काका म्हणाले. "मग इकडे कमी पडतं."

काकूंनी जावयाकडे पाहिलं. जावयाने काकांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग जमिनीकडे.

डॉक्टरीणबाईंची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत काकूंनी धीर धरला.

"गाडी तुम्ही नेता. गवत तुम्ही देता. इथे पाला खाऊन जनावरांना टक्कल पडायला लागलं, आणि तुम्ही घोडीच्या मानेवरून हात फिरवता."

"या मोसमात कारखान्याला एकही गाडी गेली नाही," जावई म्हणाला.

"मग गवत गेलं कुठं? हवेत?"

तो परत काकांकडे बघू लागला. काका पायरीवर बसून चपलेचा अंगठा बघत होते.

"बोला की. तोंडात मिठाची गुळणी धरलीत?"

"आई, पुरे झालं," लेक म्हणाली.

"तुला नाही कळायचं. ज्याला घरात बसवून घेतलं तो माणूस—"

पुढचं काकू बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. घरजावई हा शब्द त्यात दोनदा आला. जावई ऐकून घेऊन आत गेला. संध्याकाळच्या आत दोघांनी कपड्यांच्या पिशव्या, एक ट्रंक आणि त्याची हत्यारांची पेटी रिक्षात घातली. लेक आईशी बोलली नाही. बापाला मात्र तिने जाता जाता वाकून काहीतरी विचारलं आणि काकांनी मान हलवली, हो की नाही ते काकूंना दिसलं नाही.

घर मोकळं झालं. काकूंना वाटलं होतं की आता कोडं सुटलं. पण गव्हाणीत दुसऱ्या दिवशीही पालाच जास्त होता.

"अहो, आता तर कुणी नेत नाही ना गवत. तरी कसं हे?"

"वाढायला वेळ लागतो गवताला," काका म्हणाले. "एका रात्रीत येतं का ते?"

बोलणं बरोबर होतं. तरी काकूंना काहीतरी खटकलं, आणि खटकलेली गोष्ट त्यांच्याच्याने झाकून ठेवली जात नसे. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे घोडीपुरतं कोरडं गवत शेजारून आणून त्या बाहेर पडल्या, थेट कांडीकोळशाच्या कारखान्यावर. मनाशी म्हणाल्या, पुरावाच आणते.

कारखान्याच्या फाटकाशी वजनकाट्याची खोली होती. आत सगळ्या वस्तूंवर भुशाचा पिवळा थर: टेबलावर, पंख्याच्या पात्यांवर, काटेवाल्याच्या भुवयांवर. तो काकूंना ओळखत नव्हता, पण त्यांनी आपल्या घोडीच्या गाडीबद्दल विचारताच घोडी त्याला आठवली.

"पांढऱ्या पायांची ती? गेल्या मोसमात आली होती ना गाडी. तुमचा जावई चांगला माणूस, गठ्ठे नीट बांधतो. यंदा नाही आली."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. मोसमाच्या सुरुवातीलाच तुमचे यजमान आले होते. स्वतः. म्हणाले, यंदा नाही जमणार. मी म्हटलं, का हो, गवत चांगलं नाही का? तर म्हणाले, गवत चांगलं आहे." काटेवाल्याने भुवया पुसल्या. "मग मी जास्त विचारलं नाही."

परतीच्या वाटेवर काकूंनी बऱ्याच गोष्टी मनात लावून पाहिल्या. दुसरा कुणी गिऱ्हाईक असेल. काकांची कुणी बहीण, कुणी मित्र, ज्याला गवत गुपचूप जात असेल. दुसरं घरसुद्धा त्यांनी मनात आणलं, या वयात, आणि स्वतःच हसल्या, आणि मग हसणं थांबवून त्यावर जरा विचार केला.

घरी न जाता त्या बाजूच्या पायवाटेने उतारावर चढल्या. गुडघ्यांमुळे कित्येक महिन्यांत त्या इकडे आल्या नव्हत्या, आणि घरातून पहिल्या रांगेपलीकडचं दिसत नसे. पहिली रांग ओलांडली आणि थांबल्या.

गवत कुठंही गेलं नव्हतं. ते तिथेच उभं होतं, पट्ट्यामागून पट्टा, दोन माणसं एकावर एक उभी केली तरी वर उरेल एवढं. कांडं अंगठ्याएवढी जाड आणि पिवळट, पानांच्या कडा करवतीसारख्या, शेंड्याला तुरे आलेले. जनावराने तोंड लावलं नसतं एवढं जून. सुबाभळी मात्र उघड्याबोडक्या होत्या. उभ्या माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत एकही डहाळी नव्हती. वर नुसती छत्री. फांद्या कोयत्याने छाटलेल्या नव्हत्या. ओढून, पिळून मोडलेल्या होत्या, साली लोंबत होत्या.

दुसऱ्या पट्ट्याच्या टोकाशी काहीतरी खसखसलं. काकू पानं बाजूला करत गेल्या. गालाला, हाताला कुसं लागली.

काका जमिनीवर बसले होते. समोर एक ठोंब, अर्धा कापलेला, वेडावाकडा, गुडघ्याएवढ्या उंचीवर चेंदलेला. आजूबाजूला तसेच चार-पाच. विळा त्यांच्या मांडीवर होता आणि मुठीवर उजवा हात होता, पण तो धरलेला नव्हता, ठेवलेला होता. बोटं अर्धी मिटलेली, जशी झोपलेल्या माणसाची असतात.

त्यांनी वर पाहिलं. दचकले नाहीत.

"मूठ वळत नाही," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. आधी मुंग्या यायच्या. मग विळा निसटायला लागला. एकदा पायावर पडला." त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून बाजूला ठेवला. "डाव्याने जमत नाही. पाला जमतो. सुबाभळीची डहाळी नुसती ओढली तरी मोडते."

काकू उभ्याच राहिल्या. दुसऱ्याच्या घरात भाजी कुणी चिरली हे फोडीवरून ओळखणारी बाई, आणि चहाचा कप, भाकरीचा तुकडा, दाराची कडी, सगळं डाव्या हातावर गेलेलं तिला दिसलं नव्हतं. ज्या एका माणसाकडे बघायचं सोडून दिलं होतं, नेमकं तिथेच.

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर विळा त्याच्या हातात गेला असता."

"जाऊ दे की. कापला असता त्याने."

"आणि मी दिवसभर काय करायचं? तुझ्याजवळ बसून लोकांवर संशय घ्यायचा?"

काकूंना ते लागलं. लागलं म्हणून त्या जास्तच चिडल्या.

"तो माणूस घर सोडून गेला. लेक गेली. मी त्याला नाही नाही ते बोलले, आणि तुम्ही पायरीवर बसून चप्पल बघत होता."

"मी खोटं एकच बोललो," काका सावकाश म्हणाले. "कारखान्याचं. बाकी सगळं तूच बोललीस."

त्यांनी वाकून विळा घेतला. काकांनी तो दिला. मग काकूंनी त्यांना उठवायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी डावा हात दिला, आणि काकूंनी तो न घेता उजवा धरला. तो गार होता.

हाताचं निदान नंतर झालं: मानेतली नस दबलेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर बरं झालं असतं. आता व्यायामाने जेवढं परत येईल तेवढं. पण त्याआधी काकू लेकीकडे गेल्या, दुसऱ्याच दिवशी सकाळी.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली होती ती. जिन्यात रबर सोल्युशनचा वास. खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह, खिडकीत हत्यारांची पेटी. लेकीने दार उघडलं आणि बाजूला झाली, "ये" म्हणाली नाही. जावई खाली बसून कुणाचं तरी शिलाई मशीन खोलत होता. कागदावर सुटे भाग ओळीने मांडलेले.

काकूंनी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"गवत उभंच आहे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," जावई म्हणाला.

"माहीत होतं?"

"मी ठोंब पाहिले होते. तसे हातात ताकद नसलेला माणूसच कापतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "बाबांनी सांगायचं होतं ते. मी सांगणं बरं दिसलं नसतं. आणि सांगितलं असतं, तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

काकूंनी खोटं बोलायचा विचार केला. "नसता," त्या म्हणाल्या. "म्हटलं असतं, स्वतःचं पाप म्हाताऱ्याच्या माथी मारतोय."

लेकीला हसू आलं, ते तिने स्टोव्हकडे वळून लपवलं.

"माझं चुकलं," काकू म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडात इतके नवे होते की ते जरा मोठ्याने निघाले. "तुम्ही घरी चला."

"गवत कापायला येतो मी," जावई म्हणाला. "रोज सकाळी येईन. राहायला नाही. आणि बाबांनी हे सगळ्यांसमोर एकदा बोलावं, माझ्यासमोर, हिच्यासमोर. मग पुढचं."

काकांनी ते केलं. गोठ्यात उभं राहून, घोडीकडे तोंड करून, तीन तुटक वाक्यांत. चांगलं काही जमलं नाही त्यांना. तिसऱ्या वाक्याला जावई म्हणाला, "ठीक आहे, बाबा," आणि विळा घेऊन वर गेला.

जून झालेलं सगळं गवत तळापासून कापून कारखान्याला गेलं. भट्टीशिवाय त्याचा उपयोग नव्हता. ठोंबांना नवे फुटवे आले, कंबरेएवढे झाले, मग गव्हाणीत पुन्हा गवत दिसू लागलं. काका गाडीवर बसू लागले. लगाम डाव्या हातात, उजवा मांडीवर. घोडी त्यांचं ऐकायची. तिच्या शेपटीला केस आले ते आखूड आणि ताठ, भांडी घासायच्या ब्रशासारखे, आणि माशा आल्या की ती नुसतीच बुडखा हलवायची. शेळीचं टक्कल भरलं. गळ्याची गाठ मात्र बरेच दिवस राहिली.

लेक आणि जावई सायकल दुकानावरच राहतात. तिथे त्याच्याकडे मशीनं येतात, बरी येतात. तो सकाळी येतो, कापतो, कुट्टी करतो. पहिल्या दिवशी टोपली गव्हाणीत रिकामी करायच्या आधी तो काकूंच्या पुढ्यात घेऊन आला.

"बघून घ्या."

"अहो, कशाला. माझा विश्वास आहे."

"तरी बघून घ्या."

काकूंनी पाहिलं. गवत होतं, थोडा पाला होता. त्या म्हणाल्या, आता रोज दाखवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी टोपली पुन्हा पुढ्यात आली, आणि तिसऱ्या दिवशी, आणि अजूनही येते. काकू दरवेळी म्हणतात, राहू द्या हो. आणि दरवेळी, तोंडाने तसं म्हणत असतानाच, हात टोपलीत घालून तळापर्यंत चारा वरखाली करून बघतात.